मागचा ठिपका

१

सुट्ट्या संपून विद्यापीठात नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एक प्रयोग दाखवते. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट वर्गात मधोमध तिवई ठेवायची. तिच्यावर एक लाकडी पट्टी, आणि पट्टीवर एका सरळ रांगेत बसवलेले बारके मायक्रोफोन. पडद्यावर वर्गाचा नकाशा दिसतो, वरून पाहिल्यासारखा, आणि आवाज जिकडून येतो तिथे पिवळा ठिपका उमटतो.

खरं तर दोन ठिपके उमटतात, आणि धडा तिथेच आहे. मायक्रोफोन सरळ रांगेत असले की त्या रांगेला पुढचं आणि मागचं कळत नाही. फळ्याजवळून कोणी बोललं, की एक ठिपका फळ्याजवळ पडतो आणि दुसरा बरोबर उलट्या बाजूला, मागच्या भिंतीकडे. आरशात पडावा तसा. एक खरा, एक खोटा.

"मग खरा कोणता ते कसं ओळखायचं?" मी विचारते.

"डोळ्यांनी बघायचं," कोणीतरी म्हणतंच, आणि सगळे हसतात.

"समुद्राच्या तळाशी डोळ्यांचा उपयोग नसतो," मी म्हणते, आणि पट्टी थोडी फिरवते. ती किती फिरली ते यंत्राला सांगते. त्याप्रमाणे नकाशा पुन्हा मांडला जातो, आणि खोटा ठिपका सरकतो. खरा जागचा हलत नाही.

"फिरून बघा. जागेवर राहील तो खरा." हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आलेय, की तोंडाने ते म्हणताना मनात उद्याच्या डब्याचा विचार चालू शकतो. आवाज कुठून येतो हे शोधण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आधी पाणबुड्यांचे, मग देवमाशांचे, मग ज्यासाठी निधी मिळेल त्याचे. तात्पुरत्या नेमणुका, पुन्हा अर्ज, पुन्हा नेमणूक. कायमची झाले तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते.

ती पट्टी माझ्या सहकाऱ्याने, हाल्वोरने, आणि मी मिळून तासली होती. तेव्हा आम्ही दोघंही नवे होतो.

२

हाल्वोर गेल्या हिवाळ्यात रजेवर गेला. म्हणजे त्याला नेलं. याच वर्गात तो शिकवत होता, खोट्या ठिपक्याबद्दलच बोलत होता, आणि वाक्याच्या मधेच थांबला. मुलांना वाटलं, शब्द आठवतोय. तो मागच्या भिंतीकडे बघत राहिला. मग खाली जमिनीवर बसला. मला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "इंगुन, मला काही झालेलं नाही. मी फक्त दमलोय." त्याची बहीण गाडी घेऊन आली आणि त्याला घरी घेऊन गेली.

ऑगस्टमध्ये तो परत आला. चांगला दिसत होता. शुक्रवारी आमच्याकडे वाफल करतात, साच्यात भाजलेली जाळीदार धिरडी, तर पहिल्याच शुक्रवारी साचा त्याने हातात घेतला आणि सगळ्या मजल्याला पुरतील इतके वाफल केले. वर तपकिरी चीज, मुरंबा. परीक्षांच्या समित्या, अहवाल, जे काम कोणी घेत नाही ते तो स्वतःहून मागून घेऊ लागला. पत्राला उत्तर लगेच. आधीचा हाल्वोर पत्रांची उत्तरं आठवडा आठवडा देत नसे.

"मलाही पाठव की अशा रजेवर," मी आमच्या विभागप्रमुख बाईंना, गुनवोरला म्हटलं.

"तू गेलीस तर वर्गातली खुर्चीसुद्धा सरकायची नाही," गुनवोर म्हणाली. ती दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची, जिभेला हाड नसलेली, पण मनाने चांगली. आम्हा दोघांची ती पहिल्यापासून टिंगल करायची. हाल्वोर आणि मी एकाच खोऱ्यातले. आमच्याकडे 'हो' म्हणताना श्वास बाहेर सोडत नाहीत, आत ओढतात. ओठ जवळ आणून एक छोटा, झरकन आत जाणारा आवाज. बस, तेच उत्तर. गुनवोर म्हणायची, "तुम्ही दोघं हो म्हणताय की गरम सूप पिताय, मला कधी कळलं नाही."

त्या शुक्रवारी मी हाल्वोरला विचारलं, "अजून एक खातोस?"

"हो, दे ना," तो म्हणाला. सरळ, बाहेर. दक्षिणेकडचे म्हणतात तसं.

मी वाफल दिला. आजारातून उठलेल्या माणसाच्या सवयी बदलतात, असं मनाशी म्हटलं.

३

या वर्षी प्रयोगाला मी हाल्वोरलाच फळ्याजवळ उभं केलं. "तू बोल, मी पट्टी फिरवते," मी म्हटलं. त्यालाही बरं वाटेल असं वाटलं.

तो बोलू लागला. मुलांना फ्योर्डच्या खाडीतल्या बोटीची गोष्ट सांगत होता, एकदा आम्ही खोट्या ठिपक्याच्या मागे दुपारभर कसे हिंडलो ती. पडद्यावर दोन ठिपके आले. एक त्याच्यावर, एक मागच्या भिंतीकडे. मी पट्टी फिरवली.

हाल्वोरवरचा ठिपका त्याला सोडून सरकला. खिडकीकडे गेला, तिथे नुसत्या कोटांच्या खुंट्या होत्या. हाल्वोर तिथेच उभा होता, त्याचे ओठ हलत होते, पण ठिपका त्याच्यावर नव्हता. मागचा ठिपका जागचा हलला नाही.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "अधिकच्या जागी उणे टाकलंत वाटतं."

वर्ग हसला. मीही हसले. आमच्या कामात ही चूक प्रत्येकाची एकदा तरी होते. पट्टी डावीकडे फिरवली आणि यंत्राला उजवीकडे सांगितलं, की बरोबर असंच होतं. खरा पळतो आणि खोटा ठाण मांडून बसतो. लोकांचे प्रबंध या चुकीवर अडकलेले मी पाहिलेत.

"म्हातारी झाले," मी म्हटलं, आणि हात चिन्ह बदलायला गेला.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक मुलगा शिंकला. त्याचा ठिपका त्याच्या डोक्यावर उमटला. मी पट्टी फिरवली. तो पुन्हा शिंकला. ठिपका तिथेच, त्याच्यावरच.

चिन्ह बरोबर होतं. ते मी तसंच ठेवलं आणि यंत्र बंद केलं. हाल्वोर म्हणाला, "छान झाला तास, नाही?"

४

मी अशी आहे की कारण सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. पुढचे काही आठवडे दुपारचा वर्ग रिकामा असेल तेव्हा मी तिथे जायची.

फळ्याजवळ किल्ल्या वाजवल्या. ठिपका जागेवर. रेडिओ लावला. जागेवर. गुनवोरला पकडून आणलं आणि काहीतरी बोल म्हटलं. तिने मला दहा मिनिटं महापालिकेला शिव्या देऊन दाखवल्या. तिचा ठिपका तिच्यावरून ढळला नाही. हाल्वोरचं जुनं व्याख्यान, रजेच्या आधीचं, स्पीकर फळ्याजवळ ठेवून लावलं. तेही जागेवर. म्हणजे आवाजात काही नव्हतं.

मग हाल्वोरला बोलावलं. तो आनंदाने आला. तो बोलला, मी फिरवलं. पुढचा सरकला, मागचा राहिला.

प्रतिध्वनी असेल. मागची भिंत फार गुळगुळीत आहे, तिच्यावरून आवाज परत येत असेल. मी घरून जाड रजया आणल्या. हाल्वोर शिडीवर चढून त्या भिंतीवर टांगायला मदत करत होता.

"इथे झोपायचा बेत आहे की काय तुझा?" त्याने वरून विचारलं.

"झोप आली तर कुठेही झोपेन."

"तू फार दमतेस, इंगुन," तो म्हणाला. प्रेमाने म्हणाला. मला मात्र शिडीपासून जरा लांब उभं राहावंसं वाटलं.

रजयांनी काही फरक पडला नाही. आणि पडायला नको होता, कारण प्रतिध्वनी मागाहून येतो आणि दुबळा येतो. हा मागाहून येत नव्हता. मागची भिंत इमारतीची बाहेरची भिंत आहे. तिच्यापलीकडे तीन मजले खाली उतार, फरची झाडं आणि मग फ्योर्ड. मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. भिंत, पन्हळ, आणि पन्हळीवर बसलेला एक कावळा.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मागचा ठिपका दर आठवड्याला फिका होत होता. सप्टेंबरात तो लोण्यासारखा पिवळा होता. नोव्हेंबर लागला तेव्हा कागदावर चहाचा डाग पडावा तसा राहिला होता.

५

त्याच सुमारास गुनवोरने मला वाटेत थांबवलं.

"डिसेंबरात कळवायचंय वरती. हाल्वोर कागदावर अजून रजेवरच आहे; ती संपली असं लिहायचं की नाही. संपली, तर तुम्हा दोघांचा संशोधनगट राहतो. नाही संपली, तर त्याची जागा अजून एक वर्ष राखून ठेवता येईल, पण गट मोडेल. तू एकटी म्हणजे गट नव्हे. तुला पहिल्या वर्षाचं गणित शिकवावं लागेल, बाई. निवृत्त होईपर्यंत."

"त्यालाच विचार ना," मी म्हटलं.

"त्याला विचारून काय कळणार? दमलेला माणूस नेहमी ठीक आहे म्हणतो. तुला मी विचारेन. तू त्याला सगळ्यांत जास्त ओळखतेस."

म्हणजे माझ्या एका शब्दावर आलं. त्याची जागा राखायची, की भरली म्हणायची. माझ्या स्वतःच्या सोयीचा प्रश्नही त्याच शब्दात होता, हे मला कळत होतं. गणिताचे ते भरलेले वर्ग, तेच ते पेपर. नुसत्या विचारानेच खांदे दुखायला लागले.

मला यंत्राचा भरवसा नको होता. माणसाचे दोन कान म्हणजे दोन मायक्रोफोनची रांगच. डोळे मिटले की आपल्यालाही पुढचं-मागचं नीट कळत नाही. म्हणून कोणी हाक मारली की आपण मान जराशी वळवतो. आपणही फिरून बघतो आणि जागेवर राहील तो खरा मानतो. हे मूल पाळण्यातच शिकतं.

मी हाल्वोरला म्हटलं, "माझ्यासाठी काहीतरी वाच. कान तपासतेय."

"वय झालं," तो म्हणाला.

"तू वाच."

त्याने वाफलच्या साच्याची माहितीपत्रिका खिशातून काढली आणि फळ्याजवळ उभा राहून वाचू लागला. साचा पाण्यात बुडवू नये. वापरण्यापूर्वी पुरेसा तापू द्यावा. मी वर्गाच्या मधोमध खुर्ची ठेवली, तोंड भिंतीकडे, रजयांकडे. पाठ त्याच्याकडे. डोळे मिटले.

आवाज स्पष्ट होता. मुलांनी गरम साच्याला हात लावू नये. मी मान थोडी डावीकडे वळवली. पाठीमागून येणारा आवाज अशा वेळी डाव्या कानात मोठा व्हायला हवा, तिथे झाला नाही. उजव्यात झाला. मी उजवीकडे वळवली. पुन्हा तसंच, उलट. तो समोरून वाचत होता. रजयांच्या मागून. आणि तिथून त्याच शब्दांना ओझं होतं, जिन्यावरून सामान वर आणणाऱ्या माणसाच्या बोलण्याला असतं तसं.

डोळे न उघडता मी विचारलं, "हाल्वोर, तू दमलायस का?"

"मी? छे गं, मुळीच नाही," माझ्या पाठीमागून उत्तर आलं. या वेळी पाठीमागूनच.

आणि समोरून, भिंतीतून, श्वास आत ओढल्याचा तो छोटा आवाज आला. आमच्या खोऱ्यातला.

मी डोळे उघडले. मधली रजई भिंतीकडे आत ओढली गेली होती, कोणी पलीकडून तिच्यातून श्वास घ्यावा तशी. मग ती सैल सुटली, आणि नुसती रजई झाली.

"ऐकू आलं का नीट?" हाल्वोरने विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

६

मी ठरवलं होतं. नाही म्हणायचं. रजा संपलेली नाही, जागा राखून ठेवा. जो कोणी बाहेर आहे त्याला परत यायला जागा तरी हवी. त्याची खुर्ची, त्याचा कोट अडकवायची खुंटी. गणित शिकवेन. लोक शिकवतात.

गुनवोरची खोली वर्गाला लागूनच, त्याच बाहेरच्या भिंतीची. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसले, पाठीशी भिंत. दुपारचे तीन वाजून गेले होते, बाहेर काळोख पडत आला होता, आणि गुनवोरने टेबलावर ख्रिसमसचा दिवा आधीच लावून ठेवला होता. ती पडद्याकडे बघत डब्यातला शेवटचा पाव खात होती.

"तू फार वाळलीस," ती म्हणाली.

"झोप नाही."

"घरी जा मग. हे एक उरकू." तिने बोटं पुसली. "मी लिहिते, तू सांग. हाल्वोर पुरता परत आलाय, आता वाट बघायचं काही राहिलेलं नाही. असं धरायचं ना?"

मी बोलायला तोंड उघडलं. 'नाही' जिभेवर होतं.

माझ्या मानेवरचे बारीक केस मागे ओढले गेले. खोलीतली हवा माझ्या कानाजवळून भिंतीकडे गेली, आणि तो आवाज आला. झरकन आत जाणारा. शांत, पुरता दमलेला. आमच्या खोऱ्यातला हो.

गुनवोर हसली. "बरं. निदान तू तरी अजून सूप पितेस. हाल्वोरने तर सोडलंच." तिने बटण दाबलं. "झालं. गट वाचला. जा आता, झोप."

मी म्हणायला हवं होतं की तो आवाज माझा नव्हता. म्हणता आलं असतं. एक बटण दाबलेलं परत फिरवता येतं. पण इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या शेजारच्या टेबलाशी बसले होते. तो कधी मनापासून असतो आणि कधी नुसता विषय मिटवण्यासाठी, हे मला कळत होतं. हा मनापासूनचा होता. कोणीतरी जड पिशवी खाली ठेवली होती, आणि ती पुन्हा त्याच्या खांद्यावर द्यायची ताकद माझ्यात नव्हती.

मी उठले. गणित शिकवावं लागणार नव्हतं. जिन्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय, आणि मी कठडा धरून उभी राहिले.

७

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मजल्यावर वाफलचा वास भरला होता. गट वाचल्याचं सगळ्यांना कळलं होतं, आणि जो तो हाल्वोरच्या पाठीवर थाप मारून जात होता.

मी वर्गात जाऊन रजया काढायला लागले. मागून हाल्वोर आला, हातात बशी. "एकदा शेवटचं बघूया का? तुझ्या मनाला शांती," तो म्हणाला. त्याने हे का म्हणावं, हे मी विचारलं नाही. मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.

तो फळ्याजवळ गेला आणि बोलू लागला. हवामान, बस, काय वाटेल ते. दोन ठिपके आले. मी पट्टी फिरवली.

पुढचा जागचा हलला नाही. तो हाल्वोरवर होता, लख्ख पिवळा. मागचा सरकला, खोटा ठिपका सरकतो तसाच, भिंतीवरून कोपऱ्यात गेला. मी पट्टी आणखी फिरवली. तो आणखी सरकला. जिथे तो इतके आठवडे होता तिथे आता पडद्यावर काहीच नव्हतं. फिका डागसुद्धा नाही.

मी भिंतीकडे तोंड करून हळूच हाक मारली. "हाल्वोर."

"काय?" फळ्याजवळून उत्तर आलं.

मी रजईची घडी करत राहिले. घडी नीट होईना. मला त्या खऱ्याला एवढंच विचारायचं होतं, की तिथे बसायला काही आहे का. मलाही, थोडा वेळ.

हाल्वोर चालत माझ्याकडे आला. बशी बाकावर ठेवली. मग तिवईशी गेला आणि पट्टीच्या टोकावर हात ठेवला, आम्ही दोघांनी तासलेल्या, गुळगुळीत झालेल्या टोकावर.

"आता तू," तो म्हणाला. "तू बोल. मी फिरवतो."

मी नाही म्हणून मान हलवली.

"का गं? काहीही बोल. एक ते दहा म्हण. आत्ता हाक मारलीस, तेव्हा माझं लक्ष नव्हतं पडद्याकडे."

मी ओठ घट्ट मिटून घेतले. पडद्यावर दोन्ही जागा रिकाम्या होत्या, फळ्याकडची आणि भिंतीकडची. रजया निघालेली भिंत पांढरी आणि कोरडी होती. घडी केलेली रजई मी छातीशी धरली होती, आणि ती फार जड झाली होती.

हाल्वोर पट्टीवर हात ठेवून हसत उभा होता. त्याला काही घाई नव्हती. तो दमत नाही.